पहाऱ्यातला कागद



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर लोकांच्या घरची दप्तरं वाचून दिली. जुना कागद हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. म्हणून आज मी कागदाबद्दलच बोलणार आहे. प्रश्न एकच आहे: कडेकोट पहाऱ्यात ठेवलेला ऐतिहासिक दस्तऐवज चोरता येईल का?

हा प्रश्न मला तरुण मंडळी विचारतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक चित्रपट असतो. २००४ साली आलेला ‘नॅशनल ट्रेझर’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचा नायक अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा चोरतो, कारण जाहीरनाम्याच्या पाठीवर अदृश्य शाईने खजिन्याचा नकाशा काढलेला आहे असं त्याला समजलेलं असतं. करमणुकीचा चित्रपट आहे, पण पटकथा लिहिणाऱ्याने एक गोष्ट नेमकी ओळखली आहे. नायक प्रदर्शनाच्या दालनातल्या काचेला हात लावत नाही. कागद तपासणीसाठी आतल्या खोलीत नेला जाईल अशी तो व्यवस्था करतो, आणि वर मेजवानी चालू असताना तिथून तो उचलतो. कागद आपल्या जागेवरून हलतो तेव्हाच त्याला खरा धोका असतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधी त्या खऱ्या जाहीरनाम्याबद्दल बोलू. ४ जुलै १७७६ रोजी तो मंजूर झाला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. पातळ चामड्यावर, म्हणजे पार्चमेंटवर, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं ते एकच मोठं पान. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पण पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याचे काय हाल झाले, ते ऐकण्यासारखं आहे.

१८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी फौज वॉशिंग्टनवर चालून आली. परराष्ट्र खात्यात स्टीफन प्लेझंटन नावाचा एक कारकून होता. त्याने जाडंभरडं कापड आणवलं, त्याच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि खात्याचे महत्त्वाचे कागद त्यांत भरले. युद्धमंत्री आर्मस्ट्राँग यांनी त्याला सांगितलं की तू उगाच घाबरतोयस. त्याने ऐकलं नाही. गाड्या जोडल्या, नदीपलीकडे व्हर्जिनियात एका पिठाच्या गिरणीत पिशव्या नेऊन टाकल्या. तीही जागा सुरक्षित नाही असं वाटल्यावर आणखी पुढे लीझबर्ग गावी नेल्या आणि एका रिकाम्या घरात कुलूपबंद केल्या. इंग्रजांनी राजधानी जाळली तेव्हा जाहीरनामा त्या घरात होता. त्या दिवशी त्याच्या राखणीला ना तोफ होती, ना पलटण. काय कुठे ठेवलं आहे हे माहीत असलेला एक कारकून तेवढा होता. कुठला कागद आधी उचलायचा हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही, आणि शोधण्यात त्याचा वेळ गेला नाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. इतिहासाच्या पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते, आणि तीही नेहमी नाही.

पुढे १८४१ मध्ये जाहीरनामा पेटंट कार्यालयाच्या इमारतीत लावला गेला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सेनापतिपदाच्या नेमणूकपत्रासह एकाच चौकटीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर. पस्तीस वर्षं तो तिथे टांगलेला होता. लोक येत, बघत, जात. कुणी चोरला नाही. आणि तरीही त्या पस्तीस वर्षांत त्याच्यातलं फार काही गेलं. शाई विटली. सह्या इतक्या पुसट झाल्या की आज मूळ पानासमोर उभं राहिल्यावर बऱ्याचशा वाचताच येत नाहीत. दाराशी पहारा होता, आणि नुकसान खिडकीतून येत होतं.

मग आपण सर्वांनी पुस्तकांतून पाहिलेलं ते ठळक अक्षरातलं चित्र कुठून आलं? ते विल्यम स्टोन याने केलेल्या नक्षीपत्र्यावरून आलं. जॉन क्विन्सी ॲडम्स परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी ते काम सांगितलं, १८२३ मध्ये ते पुरं झालं आणि पार्चमेंटवर दोनशे प्रती काढल्या गेल्या. म्हणजे मूळ पान पुरतं विटण्याआधीच त्याची नक्कल झालेली होती. जाहीरनामा जगाच्या डोळ्यांसमोर राहिला तो त्या नकलेमुळे.

आता पहाऱ्याकडे येऊ, कारण तिथे मजा आहे. १९२१ मध्ये जाहीरनामा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये न्यायचं ठरलं तेव्हा ग्रंथपाल हर्बर्ट पुटनम ग्रंथालयाची टपालगाडी घेऊन गेले, कागदाखाली टपालाच्या पिशव्या अंथरल्या आणि तो घेऊन आले. बस्स. वीस वर्षांनी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, त्याच कागदाला गुप्त पोलिसांच्या बंदोबस्तात आगगाडीने फोर्ट नॉक्सला सोन्याच्या कोठारात पाठवलं, आणि १९४४ पर्यंत तो तिथे राहिला. आणि १३ डिसेंबर १९५२ रोजी, लायब्ररीतून राष्ट्रीय अभिलेखागारात, शहरातल्या शहरात न्यायचं होतं, तर लष्कराची चिलखती गाडी, दोन रणगाडे, मशिनगनधारी जवान, मोटारसायकली आणि बँड. पेट्या गाडीत गाद्यांवर ठेवल्या होत्या. एकाच कागदासाठी तीस वर्षांत टपालगाडीपासून रणगाड्यापर्यंत!

त्यानंतरची व्यवस्था तर आणखी पक्की. आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, कागद हेलियम वायू भरलेल्या काचेच्या पेटीत बंद केला होता. अभिलेखागारात त्याच्या खाली पन्नास टनांहून जड पोलादी तिजोरी बांधली, आणि रोज संध्याकाळी दालन बंद झालं की पेटी यंत्राने सुमारे वीस फूट खाली त्या तिजोरीत उतरवली जाई. २००३ मध्ये नव्या पेट्या आल्या, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या, आत आर्गॉन वायू. प्राणवायू नाही, त्यामुळे शाई-चामड्याची झीज मंदावते. प्रकाश इतका मंद की दालनात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो.

(आपल्याकडेही याला जोड आहे. भारतीय संविधानाची हस्तलिखित मूळ प्रत, प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या अक्षरातली आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेली, संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेटीत आहे. त्या पेट्यांचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या गेटी संस्थेबरोबर केलं.)

तर मित्रहो, हा जाहीरनामा चोरता येईल का? माझं उत्तर आहे, जवळजवळ नाही. आणि त्याचं पहिलं कारण तिजोरी नाहीच. कारण असं की चोरून करणार काय? विकणार कुणाला? जगातला प्रत्येक लिलावकर्ता, प्रत्येक ग्रंथपाल, प्रत्येक विक्रेता तो कागद ओळखतो. डाव्या खालच्या कोपऱ्यात त्याच्यावर कुणाच्या तरी पंजाचा ठसा आहे, तोही अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. इतका ओळखीचा माल बाजारात उभाच राहू शकत नाही.

अशा कागदावर हल्ला करतात ते वेगळे लोक. इंग्लंडमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या चार मूळ प्रती उरल्या आहेत. दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला, एक सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी सॉल्झबरीत एक माणूस हातोडा घेऊन आला. हातमोजे घातलेले, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. लोक बाहेर पळावेत म्हणून त्याने आगीची घंटा वाजवली आणि काचेवर घाव घालायला सुरुवात केली. काचेला भोकं पडली. तिथल्या लोकांनी आणि कामावरच्या माणसांनी धावत जाऊन त्याला धरलं. कागदाला धक्का लागला नाही. पुढे त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. वॉशिंग्टनमध्येही फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामानाच्या प्रश्नावर आंदोलन करणाऱ्या दोघांनी राज्यघटनेच्या पेटीवर लाल भुकटी टाकली. पेटी पुसली, आतला कागद जसाच्या तसा. काच, पोलाद, वायू यांनी आपलं काम चोख केलं. हातोड्यासाठी केलेला पहारा हातोड्याला पुरून उरला.

मग प्रश्न संपला का? नाही. इथून तो सुरू होतो. कारण कागद चोरणारे लोक हातोडा घेऊन येतच नाहीत.

ते ओळखपत्र घेऊन येतात. नोंदवहीत सही करतात. नमस्कार करतात. मागणीपत्र भरतात, आणि आपण त्यांच्यासमोर कागद आणून ठेवतो.

बाल्टिमोरची गोष्ट सांगतो. जुलै २०११. मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या वाचनकक्षात दोन माणसं बसली होती. एक वयस्क, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या इतिहासाचा जाणकार म्हणून नाव असलेला. दुसरा तरुण, त्याचा मदतनीस. ते जिथे जात तिथल्या कर्मचाऱ्यांशी गोड बोलत, त्यांच्यासाठी खायला घेऊन जात. त्यांच्या कोटांना आतून मोठे खिसे शिवून घेतलेले होते, कागद न दुमडता मावेल इतके मोठे. त्या दिवशी एका कर्मचाऱ्याने तरुणाला एक कागद लपवताना पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. लॉकरमधल्या पिशवीत साठच्या आसपास कागद निघाले, लिंकन यांच्या सहीचे सुद्धा. वयस्क माणसाच्या घरून पुढे दहा हजारांवर कागद आणि वस्तू जप्त झाल्या. त्यातल्या हजारो वस्तू वेगवेगळ्या संस्थांतून चोरलेल्या होत्या. २०१२ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती एक बारीक गोष्ट. हे दोघं नुसता कागद चोरत नसत. त्या कागदाची नोंद कुठल्या सूचिकार्डावर आहे, त्याची सूक्ष्मफीत निघाली आहे का, हे ते आधी पाहत, आणि जमेल तिथे ते कार्डही काढून घेत. विचार करा. ज्याला कागदांचं मोल पुरतं कळतं त्या चोराने काय ओळखलं होतं? की कागदाचा खरा पहारेकरी ते कार्ड आहे. कार्ड गेलं की कागद कधी होता याचाच पुरावा राहत नाही. तक्रार कोण करणार? कशाची करणार?

येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जून २००५ मध्ये एका कर्मचारी बाईंना वाचनकक्षाच्या जमिनीवर एक पातं सापडलं. चाकूचं लहानसं पातं. दुर्मीळ पुस्तकांच्या दालनात पातं कशाला येईल? त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं नाही, चौकशी केली. त्यातून नकाशांचा एक नावाजलेला व्यापारी पकडला गेला. जुन्या पुस्तकांतले नकाशे तो कापून नेत असे. सत्त्याण्णव नकाशांची कबुली त्याने दिली. काही संस्थांना आपले नकाशे गेले आहेत हे त्याच्या कबुलीनंतरच कळलं! पुस्तक फळीवर होतं. पुठ्ठा जागच्या जागी होता. आतलं एक पान नव्हतं, एवढंच.

स्पेनमध्ये सांतियागोच्या कॅथेड्रलमधून २०११ च्या जुलैत ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ हे बाराव्या शतकातलं हस्तलिखित नाहीसं झालं. यात्रेकरूंच्या वाटेचं वर्णन असलेला हा ग्रंथ त्या देशाच्या दृष्टीने अनमोल. वर्षभर शोध चालला. २०१२ मध्ये तो एका गॅरेजमध्ये सापडला, आणि चोर कोण निघाला? त्याच कॅथेड्रलमध्ये पंचवीस वर्षं काम केलेला इलेक्ट्रिशियन. त्याला दारं ठाऊक होती, वेळा ठाऊक होत्या, चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे स्वतःचे कर्मचारीही चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आले आहेत. रणगाडे ज्या इमारतीच्या दारापर्यंत आले होते, त्याच संस्थेच्या आतून कागद गेले.

हे सांगताना मला एका गोष्टीची भीती वाटते, ती इथेच बोलून टाकतो. कुणी म्हणेल, मग वाचकांना आतच घेऊ नका. कपाटं बंद करा. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे, आणि तो आपल्याकडे करून झालेला आहे. पुण्याचं पेशवे दप्तर घ्या. इंग्रजी अमलात ते सरकारच्या ताब्यात गेलं, इनामांच्या चौकशीसाठी त्याची मांडणी झाली, १८९१ पासून त्यासाठी दगडी इमारत आहे. पहारा उत्तम. पण आपल्या अभ्यासकांना त्या कागदांपर्यंत पोचायला दशकं लागली. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून, कोठारांतून कागद गोळा करत होते, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापत होते, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि मराठेशाहीचं सर्वांत मोठं दप्तर त्याच पुण्यात कुलपात होतं. शेवटी रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ मध्ये त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. त्या खंडांत छापलेलं पत्र आज कुणी चोरू म्हणेल तर ते कुठल्या दप्तरातलं, कुणाचं, कुणाला, हे एखाद्या विद्यार्थ्यालाही दाखवता येईल. पण न छापलेलं, न वाचलेलं? त्याचं काय?

इथे आणखी एका प्रश्नाकडे येतो. चोरी झाली हे आपल्याला कधी कळतं?

केंब्रिजच्या ग्रंथालयात चार्ल्स डार्विनच्या लहान वह्या आहेत. त्यातल्या एकीत १८३७ साली त्याने काढलेली ती प्रसिद्ध आकृती आहे, एका खोडातून फुटणाऱ्या फांद्यांची, सगळे जीव एकमेकांचे नातेवाईक आहेत हे सांगणारी. २००० च्या शरदात दोन वह्या छायाचित्रं काढण्यासाठी खास कोठारातून बाहेर काढल्या. बघा, कागद हलला! जानेवारी २००१ मध्ये नेहमीची मोजदाद झाली तेव्हा त्यांची डबी जागेवर नव्हती. लोकांना वाटलं, चुकून दुसऱ्या फळीवर गेली असेल. वाटणं साहजिक होतं. त्या ग्रंथालयात लक्षावधी वस्तू आहेत. शोधत राहिले. वीस वर्षं शोधत राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रंथालयाने जाहीर केलं की वह्या बहुधा चोरीला गेल्या आहेत, आणि पोलिसांत कळवलं. मार्च २०२२ मध्ये ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर, जिथे कॅमेरा नव्हता अशा जागी, एक गुलाबी पिशवी ठेवलेली सापडली. आत दोन्ही वह्या, वर ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा. वह्या सुस्थितीत होत्या. कुणी नेल्या, का परत केल्या, कळलं नाही. वीस वर्षं ती चोरी आहे की हरवणं आहे हेच ठरत नव्हतं, हा भाग माझ्या मनातून जात नाही.

उलटही घडतं. राइट बंधूंच्या उडत्या यंत्राच्या पेटंटची फाइल अमेरिकेच्या अभिलेखागारात १९८० नंतर कुणाला दिसली नव्हती. प्रदर्शनासाठी बाहेर गेली होती, परत आली होती, आणि मग नाहीशी. चोरीला गेली की काय, हे कुणाला सांगता येईना. ती २०१६ मध्ये कॅन्सस राज्यात चुनखडीच्या गुहेतल्या कोठारात सापडली. चुकीच्या पेटीत घातली गेली होती. छत्तीस वर्षं ती अभिलेखागाराच्याच फळीवर होती आणि तरी नव्हती. वाचकाच्या दृष्टीने चोरीला जाणं आणि चुकीच्या पेटीत जाणं यात फरक किती?

आणि सर्वांत चलाख प्रकार तो, ज्यात जागा रिकामी होतच नाही. कोलंबसाने पहिल्या सफरीहून परतताना लिहिलेलं पत्र १४९३ मध्ये छापलं गेलं, त्याच्या मोजक्या प्रती युरोपातल्या ग्रंथालयांत आहेत. फ्लॉरेन्सच्या रिकार्दियाना ग्रंथालयातली, बार्सिलोनाची, खुद्द व्हॅटिकनची प्रत कुणीतरी काढून नेली आणि त्या जागी हुबेहूब बनावट प्रत ठेवली. वर्षानुवर्षं वाचक बनावट पानं हाताळत राहिले. फ्लॉरेन्सची खरी प्रत कुठे मिळाली? लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, जिथे ती देणगीतून आली होती. २०१६ मध्ये ती इटलीला परत गेली, २०१८ मध्ये बाकीच्या दोन परतल्या. पहारेकऱ्याने काय करायला हवं होतं? त्याच्या हिशेबी सगळं जागेवर होतं. ते पान ज्यांनी पूर्वी नीट पाहिलं होतं, मोजलं होतं, त्यावरच्या खुणा लिहून ठेवल्या होत्या, तेच लोक फरक ओळखू शकले.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते तिच्यात आहे.

१७८९ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दुरुस्त्यांच्या, ज्यातून पुढे बिल ऑफ राइट्स ही हक्कांची सनद झाली, त्यांच्या चौदा हस्तलिखित प्रती काढल्या गेल्या. एक केंद्राची, तेरा राज्यांच्या. नॉर्थ कॅरोलायनाची प्रत रॅली या राजधानीत होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, जनरल शेरमनच्या फौजेतल्या एका शिपायाने ती तिथून उचलली आणि ओहायोला घरी नेली. पुढच्या वर्षी त्याने ती पाच डॉलरना विकली. घेणाऱ्याच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९२५ मध्ये ती राज्यालाच विकत देऊ केली गेली. राज्याने नकार दिला. आपल्याच मालकीच्या वस्तूसाठी पैसे मोजायचे नाहीत, ही त्यांची भूमिका. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. पैसे टाकून प्रश्न मिटला असता, पण मग चोरीच्या मालाला सरकारी पावती मिळाली असती.

२००३ मध्ये ती पुन्हा बाजारात आली, किंमत चाळीस लाख डॉलर. पण ती नेमकी कुठल्या राज्याची? सगळ्या प्रती दिसायला सारख्या. काही राज्यांच्या प्रती हरवलेल्या. विकणारा म्हणू शकला असता, ही तुमची नाहीच. तेव्हा अभ्यासकांनी कागद उलटा केला. पाठीवर, घडी घातल्यावर बाहेर येईल अशा जागी, अठराव्या शतकातल्या कुणा कारकुनाने या कागदात काय आहे ते चार शब्दांत लिहून ठेवलं होतं. साधी दफ्तरी नोंद. ते अक्षर नॉर्थ कॅरोलायनाच्या त्याच काळातल्या इतर कागदांवरच्या नोंदींशी ताडून पाहिलं. जुळलं. केंद्रीय पोलिसांनी खरेदीदार असल्याचं भासवून फिलाडेल्फियात तो कागद ताब्यात घेतला, कोर्टात दावा चालला आणि प्रत आपल्या राज्यात परत गेली. १३८ वर्षांनी! त्या कारकुनाचं काम किती मिनिटांचं असेल? पण चोरी सिद्ध झाली ती त्या नोंदीवरून.

आणि जाहीरनाम्याच्या पाठीवर, जिथे चित्रपटाने खजिन्याचा नकाशा काढला, तिथे खरोखर काय आहे ठाऊक आहे? एक ओळ आहे. हा मूळ स्वातंत्र्याचा जाहीरनामा, तारीख अमुक, एवढीच. गुंडाळी करून ठेवायचे तेव्हा न उलगडता ओळखता यावा म्हणून कुणीतरी लिहिलेली.

आपले पूर्वज हे जाणत होते. पेशवाईतलं पत्र हातात घेऊन बघा. पत्र पोचलं की त्यावर पैवस्तीची नोंद पडे, कुठल्या चंद्राला, म्हणजे तारखेला, पोचलं ते. दप्तरात कागद घड्या घालून, विषयवार, सालवार पुडक्यांत आणि पुडकी रुमालात बांधली जात. दफ्तरदाराला विचारलं तर कुठला रुमाल सोडायचा ते तो सांगे. आज मोडी लिपीतले कागद कोटींच्या संख्येने आहेत. सरकारी अभिलेखागारांत आहेत, संस्थांत आहेत, तंजावरला आहेत, आणि अजूनही वाड्यांत, देवस्थानांत, कुळकर्ण्यांच्या घरांत आहेत. ते वाचू शकणारे फार थोडे. आणि प्रत्येक कागदाची स्वतंत्र नोंद असलेले रुमाल तर त्याहून थोडे. ‘रुमाल क्रमांक अमुक, किरकोळ कागद’ एवढीच नोंद असलेल्या गाठोड्यातून शिवकालीन एखादं पत्र उद्या निघून गेलं तर गाठोडं तितकंच जाड दिसेल. कुणाला कळणार? ते परदेशातल्या लिलावात आलं तरी आपण कोर्टात काय दाखवणार?

५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्या दिवसाची आठवण इथल्या अनेकांना असेल. ग्रंथ, हस्तलिखितं फेकली गेली, फाडली गेली. त्या दिवसाबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, मी एवढंच म्हणेन की अशा दिवसानंतर संस्थेपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो, काय होतं आणि काय उरलं हा. पोलीस त्याचं उत्तर देऊ शकत नाहीत. ज्यांनी पूर्वी बसून एकेक पोथी नोंदवली, पानं मोजली, आकार लिहिला, पहिली आणि शेवटची ओळ उतरवली, तेच देऊ शकतात.

आपल्याकडे संस्थेला देणगी मिळते ती इमारतीसाठी. कॅमेरे बसवायलाही पैसे निघतात. मोडी वाचणाऱ्या दोन मुलींना तीन वर्षं पगार देऊन रुमाल सोडून बसवायला पैसे मागा, लोक विचारात पडतात, कारण त्या कामावर कोनशिला बसवता येत नाही. माझी इथल्या दात्यांना, आणि आज सभागृहात आलेल्या नगरपालिकेच्या मंडळींना, हात जोडून विनंती आहे की हे काम करा. गुरुजींनी शिकवलेली, मोडी वाचणारी माणसं याच गावात आहेत. त्यांना कामाला लावा.

आणि ज्यांच्या घरी कागद आहेत त्यांना काही सांगायचं आहे, ते लिहून घेतलंत तर बरं. कागदावर पेनाने काही लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. मऊ पेन्सिलीने पाठीवर, कोपऱ्यात, बारीक क्रमांक घाला. मोबाइलने फोटो काढा, पुढचा आणि मागचा, दोन्ही. मागचा विसरू नका. फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. एका वहीत क्रमांकासमोर लिहा: किती ओळी, कुठे फाटलं आहे, कुठे वाळवी लागली आहे, शिक्का आहे का. वाचता येत नसलं तरी हे लिहिता येतं. त्या वहीची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवा. आणि कागद एखाद्या संस्थेला देणार असाल तर जरूर द्या, पण सह्या केलेली पोच घ्या, आणि त्या पोचेवर रुमालांची संख्या लिहून थांबू नका, कागदांची संख्या आणि तुमच्या वहीतले क्रमांक लिहून घ्या.